तीच स्प्रिंग तिसऱ्यांदा तुटली: खारी हवा, जाम बोल्ट आणि जुन्या गाडीचं सस्पेन्शन

सकाळी अंगणातून गाडी मागे घेताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि पुढच्या डाव्या चाकातून ‘टण्’ असा आवाज आला. हा आवाज आता माझ्या ओळखीचा झालाय. वाकून पाहिलं तर स्प्रिंगच्या खालच्या वेटोळ्याचा वीतभर तुकडा शॉकअपच्या बशीत (स्प्रिंगचं बूड जिच्यात टेकतं ती) आडवा पडलेला. गाडी 2008 ची डिझेल हॅचबॅक, माझ्याकडे 2017 पासून, मुक्काम रत्नागिरी. स्प्रिंग आधी 2019 ला तुटली, मग 2021 ला, आणि ही गोष्ट 2023 ची. तिन्ही वेळा पुढचीच, डावीच, आणि खालून पहिल्या वेटोळ्यातच.

पहिल्या दोन वेळी मी खड्ड्यांना शिव्या घातल्या, नवी स्प्रिंग टाकून घेतली आणि विसरून गेलो. या वेळी तुकडा रॉकेलने धुतला, पुसला आणि खिडकीपाशी उजेडात धरला. जिथे तुटली होती तिथे दोन रंग दिसले. एका कडेला नखाएवढी चंद्रकोर, काळपट तपकिरी. उरलेला भाग राखाडी आणि लखलखीत, नुकत्या फोडलेल्या खडीसाखरेसारखा दाणेदार. लखलखीत भाग त्या सकाळचा. तपकिरी चंद्रकोर मात्र महिनोन्महिने जुनी होती. तिथे चीर आधीच पडलेली, तिच्यात पाणी जाऊन गंज धरलेला. खड्ड्याने, किंवा त्या दिवशी माझ्या स्टिअरिंगने, शेवटचा धक्का तेवढा दिला.

म्हणून तुमची स्प्रिंग तुटली असेल तर तुकडा भंगारात टाकण्याआधी त्याचं तोंड बघा. सगळं तोंड चकचकीत असेल तर खरंच मोठा दणका बसलाय. रंगीत चंद्रकोर दिसली तर नवी स्प्रिंग टाकूनही काम संपलेलं नाही. चीर कशामुळे सुरू झाली ते शोधलं नाही तर दोन वर्षांनी पुन्हा हेच.

तुटलीय की नाही, हे कसं ओळखायचं

खालचं वेटोळं तुटलं की गाडी लगेच आडवी होत नाही. तुकडा बशीतच अडकून राहतो आणि माणूस महिनाभर तशीच गाडी चालवतो. उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवताना ‘टण्’ किंवा ‘कट्’ आवाज येतो, कारण स्प्रिंग बशीत सरळ न फिरता अडकते आणि मग उडी मारते. शॉकअप वर जिथे गाडीला जोडलेला असतो त्या माउंटचं बेअरिंग गेलं तरी असाच आवाज येतो. फरक कळायला दुसऱ्याला स्टिअरिंग वळवायला सांगा आणि स्प्रिंगला बाहेरून तळहात लावा. बोटं वेटोळ्यांच्या मध्ये घालू नका. झटका खालून जाणवला तर स्प्रिंग, वरून जाणवला तर माउंट.

दुसरी खूण मोजपट्टीची. सपाट जागेवर गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा कमीजास्त असली की फसगत होते. माझ्याकडे डावी बाजू 18 मिमी खाली होती. डोळ्याला काहीच दिसत नव्हतं.

आणि तुटलेली आहे हे कळल्यावर गाडी कोल्हापूरला नेऊ नका. तुटकं टोक बशीतून निसटलं की ते थेट टायरच्या आतल्या बाजूला घासतं. वाटेत आंबा घाटात टायर फाटला तर बोल्टची चिंता करायची वेळच येणार नाही.

चीर पडते कुठून

स्प्रिंगचं पोलाद मुळात फार ताणाखाली काम करतं. गाडी नुसती उभी असली तरी प्रत्येक स्प्रिंगवर काहीशे किलोंचा भार असतो आणि तार सतत पिळलेली असते. कारखान्यात तिच्यावर बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभाग घट्ट करतात आणि वर रंगाचा जाड थर देतात. हा थर शोभेचा नसतो. तो एका जागी खरवडला गेला की तिथे गंज धरतो, गंजाने टाचणीच्या डोक्याएवढा खळगा पडतो आणि सगळा ताण त्या खळग्याच्या तळाशी गोळा होतो. चीर तिथून निघते.

खालचं वेटोळंच का, तर बशीत माती साठते. आमच्याकडची तांबडी माती पावसात मुरली की बशीचं पाणी जायचं भोक बंद करते आणि ओलं, खारट लिंपण स्प्रिंगच्या बुडाला वर्षभर चिकटून राहतं. स्प्रिंग दाबली-सुटली की त्या मातीतली वाळू कानशीसारखी घासते. डावीच बाजू का, याचंही माझं एक उत्तर आहे: समोरून एसटी आली की डावं चाक साइडपट्टीवर उतरतं आणि कडेचे सगळे खड्डे, सगळा चिखल तेच खातं.

पण एवढ्यावर समाधान होईना. गावात माझ्याच मॉडेलच्या आणखी तीन गाड्या आहेत, त्यांनाही तीच माती आणि तीच एसटी. त्यांच्या स्प्रिंगा दोन-दोन वर्षांनी तुटत नाहीत.

उत्तर चाक काढल्यावर मिळालं. नकलला, म्हणजे चाक ज्या लोखंडी भागावर बसतं त्याला, शॉकअप धरणारे दोन्ही बोल्ट मूळचेच होते, पंधरा वर्षांचे, आणि त्यांच्यावर पान्याची एकही ताजी खूण नव्हती. म्हणजे 2019 आणि 2021, दोन्ही वेळी मेस्त्रींनी शॉकअप खाली उतरवलाच नव्हता. बोल्ट जाम होते, गिऱ्हाईक बाहेर चहा पीत उभं होतं, म्हणून त्यांनी शॉकअप जागेवरच ठेवून वरचं माउंट सोडलं आणि नवी स्प्रिंग पहारीने रेटून आत बसवली. पहारीचे दोन ओरखडे अजून दिसत होते. बशीतलं रबर गायब. स्प्रिंगचं टोक बशीतल्या खाचेला टेकायला हवं, ते दोन बोटं अलीकडेच राहिलेलं. त्यामुळे अख्ख्या वेटोळ्यावर पसरायचा भार एका ठिकाणी येत होता, आणि चीर नेमकी तिथेच पडली होती.

मेस्त्री हुशार आहेत, इंजिनाला त्यांच्यासारखा हात नाही. पण जाम बोल्टची भीती माणसाला अशा आडवाटेला नेते. म्हणून पुढचा निम्मा मजकूर स्प्रिंगऐवजी बोल्टवर आहे.

बोल्ट: तीन दिवस आधीपासून

ज्या रविवारी काम करायचं त्याच्या आधीच्या गुरुवारी सुरुवात करा. चाक काढा, प्रत्येक बोल्टचे उघडे आटे तारेच्या ब्रशने घासा. बहुतेक लोक ही पायरी गाळतात. नटाच्या बाहेर आलेल्या आट्यांवर गंजाची पुटं असतील तर नट सैल झाला तरी त्या पुटांवर येऊन पुन्हा जाम होतो. मग आत झिरपणारं तेल टाका, आणि ते नटाच्या मागच्या बाजूने, जिथून आटे आत जातात तिथे टाका. बोल्टच्या डोक्यावर ओतलेलं तेल जमिनीला मिळतं.

तेल कुठलं? डब्ल्यूडी-40 सगळीकडे मिळतं, पण त्यातल्या डब्ल्यूडीचा अर्थच ‘पाणी हटवणारं’ असा आहे. गंज सोडवायला त्याच कंपनीचा पेनेट्रंट नावाचा वेगळा डबा घ्या, नाहीतर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळा. दोन्ही नीट एकजीव होत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवा, आणि रंगावर, प्लास्टिकवर, विडीपाशी नेऊ नका. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी, रोज संध्याकाळी एकदा टाका आणि हातोडीने नटाच्या बाजूंवर दहा-बारा टोले द्या. जोरात नको, टकटक पुरे. धक्क्याने गंजात बारीक भेगा पडतात आणि तेलाला वाट मिळते.

हे मी मिरकरवाडा बंदरावर शिकलो. तिथे ट्रॉलरच्या इंजिनांवर आयुष्य काढलेले एक मेस्त्री काका आहेत. समुद्राच्या पाण्यात बुडालेले बोल्ट रोज सोडवणारा माणूस. मी पाईप लावून लोंबकळत होतो ते पाहून म्हणाले, “अरे, आधी आवळ त्याला जरासा. गच्च बसलेल्याला एकदम उलटा ओढलास तर मान मोडते त्याची. आवळताना गंज फुटतो. तो फुटला की मग सोड.” आणि खरंच तसंच आहे. पाव फेराही नाही, जेमतेम हललं असं वाटेपर्यंत आवळायचं, मग सोडायचं. सुटायला लागला की अर्धा फेरा सोडायचा, पाव फेरा परत घ्यायचा, तेल टाकायचं. कुरकुर वाढली की थांबायचं. एकदम बाहेर काढायला गेलात तर गंजाचा चुरा आट्यांमध्ये अडकून आटेच खाऊन टाकतो.

हिशेब म्हणून सांगतो: 60 सेंमी पाईपवर 50 किलोचा जोर दिलात तर नटावर जवळजवळ 300 न्यूटन-मीटर पडतात. 12 मिमीच्या सस्पेन्शन बोल्टला आवळायला साधारण शंभराच्या आसपास लागतात. म्हणजे पाईप लावून तुम्ही बोल्ट सोडवत नसून तोडत असता. तोडायचाच असेल तर हरकत नाही, नवा बोल्ट आणलेला असेल तर ती उलट चांगली सुटका आहे. फक्त ते ठरवून करा.

गोटी, म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा पाना, सहा कोनांची वापरा. बारा कोनांची गोटी गंजून झिजलेल्या नटाचे कोपरे एका झटक्यात गोल करते. उघड्या तोंडाचा डी पाना तर या कामात हातात घेऊच नये. आणि आधी बोल्टच्या डोक्याखाली बघा: काही गाड्यांत तिथे बारीक दाते असतात, ते नकलच्या भोकात रुतलेले असतात. तसं असेल तर डोकं फिरवायचं नसतं, फक्त नट फिरवायचा. डोकं फिरवलंत तर भोकच मोठं होतं.

तरी नाही सुटला तर आग. इथे माझं मत थोडं कडक आहे. गॅसकटरवाल्याला बोलावून बोल्ट लालबुंद करणं म्हणजे डासाला बंदूक. साधा ब्युटेनचा हातातला टॉर्च पुरतो. ज्वाला बोल्टवर न धरता नटावर धरा. नट तापून फुगतो, बोल्ट त्यामानाने थंड राहतो आणि दोघांमधली गंजाची पकड तुटते. धूर निघायला लागला की टॉर्च बाजूला ठेवा आणि मेणबत्ती नटाच्या फटीला टेकवा. पातळ झालेलं मेण आट्यांमध्ये आत ओढलं जातं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जादू वाटली होती.

पण आग लावण्याआधी ब्रेकचा होस आणि एबीएसची वायर ब्रॅकेटमधून सोडवून दूर बांधा. शॉकअपच्या नळीवर ज्वाला जाऊ देऊ नका, आत तेल आणि बऱ्याचदा दाबाखालचा वायू असतो. आणि तो भाग आधी ब्रेक क्लिनरने धुतला असेल तर डब्यावरचं वाचा. क्लोरीन असलेला क्लिनर तापला तर त्यातून विषारी वायू निघतो. मागच्या चाकापाशी काम असेल तर डिझेलची टाकी आणि पाईप कुठून गेलेत ते पाहूनच काडी ओढा. मी मागे आग वापरतच नाही, करवत वापरतो.

लिंक रॉडचा, म्हणजे शॉकअपला गाडीचं कलणं आवरणाऱ्या दांड्याशी जोडणाऱ्या छोट्या सळीचा, नट हा वेगळा त्रास. तो फिरवला की आतला बॉलही त्याच्याबरोबर फिरतो, म्हणून टोकाला अॅलन की घालून धरायचं असतं. जुन्या गाडीत ते अॅलनचं भोक गंजून गोल झालेलं असतं. माझा सल्ला सरळ आहे: त्यावर पाच मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. ग्राइंडरने नट कापा आणि नवी लिंक टाका. लिंक तशीही खडखडायला लागलेली असते.

खरा बदमाश तिसरा: बुशच्या, म्हणजे जोडातल्या रबरी नळकांड्याच्या, आतल्या पोलादी नळीत धरलेला बोल्ट. लोअर आर्मला (चाकाला खालून धरणारा आडवा हात) आणि मागच्या शॉकअपच्या खालच्या टोकाला हा भेटतो. नट आरामात निघतो, बोल्टही फिरतो, तुम्ही खूश होता. पण बोल्ट बाहेर येत नाही. नीट पाहिलं तर कळतं की बोल्टबरोबर नळीही फिरतेय आणि बुशचं रबर पिळलं जातंय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा घेतो. नळी आणि बोल्ट यांच्यातली केसभर फट तो अशी भरतो की दोन वस्तूंची एकच होते. तेल आत पोचत नाही, कारण तोंडालाच गंजाचं बूच असतं. घणाने ठोकलंत तर बोल्टचं टोक मशरूमसारखं पसरतं आणि मग तो भोकातूनही जात नाही.

यावर एकच उपाय मी मानतो: कापा. बुश आणि ब्रॅकेट यांच्या मधल्या फटीत, दोन्ही बाजूंनी. चार इंची ग्राइंडरची 1 मिमी जाडीची चकती जात असेल तर उत्तम, पण चष्मा घाला आणि ब्रेकच्या होसवर ओलं गोणपाट टाका. जागा नव्हती म्हणून मी हॅक्सॉचं नुसतं पातं चिंधीत धरून कापलं. एका बाजूला चाळीस मिनिटं लागली, दुसऱ्या बाजूला तेवढीच, आणि मध्ये एकदा जेवण झालं. आर्म मोकळा झाला, बुश अर्थातच गेला. म्हणून असा बोल्ट दिसला की आधी बुश आणि बोल्ट विकत आणा, मगच करवत हातात घ्या.

नवा बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातला नको. डोक्यावरचा आकडा बघा. 10.9 म्हणजे तो प्रत्येक चौरस मिलिमीटरला साधारण 1000 न्यूटनला तुटतो आणि त्याच्या 90 टक्क्यांना कायमचा ताणला जातो. 8.8 म्हणजे 800, आणि त्याच्या 80 टक्के. डोक्यावर काहीच नसेल तर तो गेटच्या बिजागरीला वापरा. बंदराच्या गावात लोकांना स्टेनलेसचा मोह होतो, ट्रॉलरवर चालतो मग गाडीत का नाही म्हणून. बाजारातला नेहमीचा स्टेनलेस बोल्ट 700 च्या आसपासचा असतो, 10.9 च्या जागी तो चालत नाही. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस आवळलं की आटे एकमेकांना चिकटून बसतात आणि मग गंजाशिवायच जाम.

गाडी वर उचलताना

घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) लावा, दोन्ही बाजूंना. मागच्या चाकांना ठोकळे. जॅकवर विसंबून कुणी खाली जाऊ नये हे सगळे जाणतात, पण कोकणात एक जास्तीचं सांगावं लागतं: गाडीखाली जांभ्याचा चिरा ठेवू नका. चिरा दिसतो दगड, पण पावसात मुरलेला जांभा भाराखाली न सांगता फुटतो.

शॉकअप सोडण्याआधी नकलवर त्याची जागा खिळ्याने कोरून ठेवा. त्या भोकांमध्ये थोडी ढील असते आणि चाकाचा कॅम्बर, म्हणजे आत-बाहेर कल, तिच्यावर ठरतो. शॉकअप सुटला की नकल बाहेर कलंडतं. ते तारेने वर बांधा. ब्रेकच्या होसवर लोंबू दिलंत तर होस जाईल, आणि फार बाहेर झुकलं तर ड्राइव्ह शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) आतल्या जॉइंटमधून निसटतो. मग रविवारचा सोमवार होतो.

स्प्रिंग दाबणं: इथे मी घरी थांबतो

बोल्ट घरी सोडवा, शॉकअप उतरवा, आणि तो पिशवीत घालून ज्या गॅरेजमध्ये भिंतीला बसवलेलं स्प्रिंग कॉम्प्रेसर आहे तिथे घेऊन जा. हे माझं स्पष्ट मत आहे. दीडशे मिलिमीटर दाबलेल्या छोट्या गाडीच्या स्प्रिंगमध्ये जितकी ताकद साठते ती साधारण दहा किलोची वस्तू एका मजल्यावरून पडण्याएवढी. ती सुटली तर तुमच्या हनुवटीपासून हातभर अंतरावर सुटते.

हुकवालं कॉम्प्रेसर वापरायचंच असेल तर दोन्ही हुक समोरासमोर, आटे ग्रीस लावलेले, दोन्हीकडे आळीपाळीने दोन-दोन फेरे, आणि न्यूमॅटिक गन अजिबात नाही. तुटकी स्प्रिंग जास्त फसवी असते, कारण खालचं टोक कशालाच टेकलेलं नसतं आणि दाबताना ती कुशीवर वळते. हुकाखाली सायकलची ट्यूब गुंडाळण्याची युक्ती काही जण सांगतात, रंग खरवडू नये म्हणून. हेतू चांगला, पण रबरावरून हुक घसरतो. ओरखडा पडला तर नंतर रंगाचा हात द्या.

शॉकअपच्या वरचा मधला नट सोडण्याची वेळ झाली हे कसं कळतं? स्प्रिंग हाताने धरून हलवा. दोन्ही बशांमध्ये ती सैल खुळखुळली, तरच नट. थोडीशीही टाइट लागली तर आणखी दाबा. या एका गोष्टीत कुणाचंही ऐकू नका, वीस वर्षांच्या अनुभवाचंही नाही.

बसवताना

स्प्रिंगा जोडीने टाका. एक नवी आणि एक पंधरा वर्षांची असली की गाडी त्या बाजूला उंच राहते आणि ब्रेक मारताना ओढते. डिझेल आणि पेट्रोल मॉडेलच्या पुढच्या स्प्रिंगा बहुधा वेगळ्या असतात, कारण डिझेलचं इंजिन जड. वेटोळ्यांवर रंगाचे ठिपके किंवा पट्टे असतात ते जुळवून घ्या. 2021 ला मला बहुतेक पेट्रोलचीच मिळाली होती, असा माझा आता दाट संशय आहे.

बशी खरवडून स्वच्छ करा, भोकात तार घालून ते आरपार आहे ना बघा, रंग द्या, वाळू द्या. खालचं रबर नवं टाका. स्प्रिंगचं टोक खाचेला टेकेपर्यंत फिरवा, आणि दाब सोडताना ते जागचं हललं नाही ना हे डोळ्याने बघत राहा. बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दाबला गेला की आदळ झेलणारा मऊ तुकडा) हातात घेऊन चिमटा: माझा दाबल्यावर बिस्किटासारखा चुरा झाला. एप्रिल-मेमध्ये डिकीत आणि मागच्या सीटवर आंब्याच्या पेट्या भरून घाट चढायचा आणि उतरताना बंप स्टॉपशिवाय लोखंडावर लोखंड आदळायचं, हे मी किती मोसम केलं कोण जाणे.

बोल्टच्या दांड्याला, म्हणजे आटे नसलेल्या भागाला, अँटी-सीझ, म्हणजे जाम न होऊ देणाऱ्या, ग्रीसचा पातळ हात द्या. बुशच्या नळीतून आतूनही. आट्यांना लावायचं असेल तर लक्षात घ्या, मॅन्युअलमधले टॉर्कचे, म्हणजे किती जोराने आवळायचं त्याचे, आकडे बहुधा कोरड्या आट्यांचे असतात. ग्रीस लावून तेवढाच टॉर्क दिला तर बोल्ट जास्त ताणला जातो. मी आटे फक्त ब्रशने साफ करतो आणि आवळून झाल्यावर बाहेर राहिलेल्या आट्यांवर ग्रीस थापतो. दिसायला घाणेरडं, पण पुढच्या वेळी नट तिथूनच बाहेर येणार असतो.

आता जी चूक मी स्वतः 2021 मध्ये करवून घेतली ती. लोअर आर्मचे बुशचे बोल्ट गाडी घोडीवर लोंबत असताना आवळायचे नाहीत. बुशचं रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, नुसतं पिळतं. आर्म खाली झुकलेला असताना बोल्ट आवळला की तीच त्याची सरळ स्थिती ठरते. गाडी चाकांवर आली की रबर कायमचं पिळलेलं, उभ्या गाडीतही. माझे बुश आठ महिन्यांत फाटले आणि मी निकृष्ट मालाला दोष देत होतो. बोल्ट हाताने लावा, चाक चढवा, गाडी खाली घ्या, दोनदा बॉनेटवर दाबून उडवा आणि मग खाली सरपटत जाऊन टॉर्क द्या. गैरसोयीचं आहे, कपडे खराब होतात, दुसरा मार्ग नाही. पिट असलेल्या गॅरेजमध्ये हे दोन मिनिटांचं काम.

मागच्या चाकांचं फार सांगण्यासारखं नाही. टॉर्शन बीमच्या, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच आडव्या तुळईला जोडलेल्या, छोट्या गाड्यांत मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगळे असतात. दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट सोडले, बीम जॅकने हळूहळू खाली घेतला की स्प्रिंग हाताने निघते. अडचण असते ती त्या बोल्टांचीच, आणि तिचं उत्तर वर करवतीच्या परिच्छेदात आलं.

तीन गोष्टी, ज्यांना मी नाही म्हणतो

तुटकी स्प्रिंग वेल्डिंग मारून चालवायची सूचना अजूनही होते. स्प्रिंगचं पोलाद ठरावीक तापमानाला तापवून, थंड करून तसं घडवलेलं असतं. वेल्डिंगने त्या जागेची ती घडण बिघडते आणि सांध्याशेजारी ते काचेसारखं ठिसूळ होतं. तुटकं टोक कापून उरलेली स्प्रिंग परत बसवणं तितकंच वाईट: वेटोळी कमी झाल्यावर ती कडक होते, गाडी खाली बसते, आणि खाचेला टेकायला मूळचं टोकच उरत नाही.

तिसरी गोष्ट वेटोळ्यांच्या मध्ये घालायचे रबरी बफर. गाडी वर उचलली जाते, स्पीडब्रेकरला घासत नाही, लोक खूश. पण ज्या दोन वेटोळ्यांत ते बसतात ती काम करायची थांबतात आणि त्यांचा वाटा बाकीच्यांवर पडतो. त्यात रबराखाली पाणी धरून राहतं. बसलेल्या जुन्या स्प्रिंगचं औषध नवी स्प्रिंग आहे.

हे सगळं झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या, आणि पाचशे किलोमीटरनंतर एकदा सगळ्या नटांना पाना लावून बघा. माझा एक लिंकचा नट पाव फेरा गेला होता.

तेव्हापासून दर गणपतीच्या आधी, पाऊस जरा ओसरला की, पुढची दोन्ही चाकं काढतो, बशांमधली माती पाण्याने फोडून काढतो आणि भोकात तार घालतो. अर्ध्या तासाचं काम. गेल्या वर्षी मुद्दाम नकलचा एक बोल्ट सोडून पाहिला: पहिला झटका पान्याने दिला, उरलेला नट बोटांनी फिरवत काढला. पुन्हा टॉर्क देऊन बसवला. मागच्या उजव्या शॉकअपचा खालचा बोल्ट मात्र अजून 2008 चाच आहे. नवा बुश आणून ठेवलाय, हॅक्सॉची दोन पाती आणलीत, दिवाळीच्या सुट्टीत बसेन त्याच्यापाशी.